खिरीतलं विष, आठ वाजून चौदा मिनिटं

पाटावरवंटा | 9 मे, रात्री 10.52

सुट्टीत बहिणीचा मुलगा आमच्याकडे डोंबिवलीला आलाय. वय वर्षं सात. परवा संध्याकाळी त्याच्यासमोर खिरीची वाटी ठेवली, तर वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मावशी, आधी तू खा."

आई हसली, मीही हसले. रात्री पडल्यापडल्या मात्र हसू येईना. आमच्याकडे टीव्ही सात ते साडेनऊ चालू असतो. आईचा तो वेळ. मी घरूनच काम करते, पण त्या वेळात हेडफोन लावून आत बसते, त्यामुळे बाहेर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मग ठरवलं, एक आठवडा आईशेजारी बसायचं. वही घेऊन बसले (आई म्हणाली, "परीक्षा आहे का?").

सात दिवसांत काय काय पाहिलं: खिरीत विष कालवणारी धाकटी जाऊ. गरोदर बाईला जिन्यावरून ढकलायचा बेत, तो जिन्याखाली मोठ्याने बोलून दाखवणारी आत्या. एक थोबाडीत, ती तीनदा उलटसुलट दाखवली, आणि मग घरातल्या अकरा माणसांचे चेहरे एकामागून एक (मोजले). सुनेला चारचौघांत "काळी" म्हणणारी सासू, तिच्या वाक्यामागे गमतीशीर संगीत. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमात साडी नेसलेला पुरुष आणि जाड्या बाईवरचे सलग सहा विनोद. बरं, हे सगळं "मी तुझी मदत करेन, तू काळजी नको करूस" अशा मराठीत.

मला अतिरेकी सोवळेपणा करायचा नाहीये. वाईट माणसं, भांडणं, विषसुद्धा गोष्टीत असायला माझी हरकत नाही. पण आठ वाजता, जेवणाच्या ताटासमोर, रोज?

मालिका चालू असताना खाली एक पट्टी पळते, तक्रार कुठे करायची त्याची. ती वाचता येऊ नये याच वेगाने पळते. तीन वेळा फोनने फोटो काढला तेव्हा पूर्ण पत्ता हाती लागला. तक्रार करणार आहे. इथे कुणी कधी केलीय का? काय झालं पुढे?

---

खडूस_काका | 9 मे, रात्री 11.07

रिमोट नावाची एक वस्तू येते. त्यावर लाल बटण असतं. दाबून बघा.

---

फोडणीचा_भात | 9 मे, रात्री 11.20

काका, दरवेळी हाच डोस. आमच्याकडे दीड खोली आणि एक टीव्ही आहे. लाल बटण सासऱ्यांच्या उशाखाली असतं. मी भाकऱ्या थापते तिथून टीव्ही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. "बघू नका" म्हणणाऱ्यांना स्वतंत्र बेडरूम असते असं माझं निरीक्षण आहे.

पावरवंटाताई, कराच तक्रार. मी कधी केली नाही, पण धाग्यावर नजर ठेवून आहे.

---

पाटावरवंटा | 9 मे, रात्री 11.24

पाटावरवंटा. पाट गाळू नका, वरवंटा एकटा काय वाटणार. :)

---

गाजरपारखी | 10 मे, सकाळी 8.15

एके काळी टीव्ही म्हणजे काय होतं! 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्याला दिसू लागलं. 'गजरा' असायचा, 'प्रतिभा आणि प्रतिमा' असायचं, शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', मुलांसाठी 'किलबिल'. आठवड्याचे कार्यक्रम सांगायला 'साप्ताहिकी'. चिमणराव लागला की आमच्या चाळीत अठरा बिऱ्हाडांची माणसं एका खोलीत. कुणी कुणाच्या खिरीत विष घालत नव्हतं. खासगी वाहिन्या आल्या आणि वाटोळं झालं. सरकारने सरळ बंदी घालावी अशा मालिकांवर.

---

शेंगदाणा_लाडू | 10 मे, सकाळी 9.02

गाजरपारखी, मीही त्याच खोलीत बसलेली आहे (आमची चाळ गिरगावात). 'आमची माती' लागलं की तुमच्यासारखेच लोक उठून चहा टाकायला जायचे. दुसरं चॅनल नव्हतं म्हणून अठरा बिऱ्हाडं एकत्र. त्या कार्यक्रमांचा दर्जा होता, मान्य. पण आज कुणी ते पुन्हा लावलं तर आपण किती दिवस बघू?

2020 च्या मार्चअखेर लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं, तेव्हा सगळा देश बसला होता हे खरं. पण तेव्हा बाहेर पडायची सोय नव्हती.

---

कायदेकानू | 10 मे, दुपारी 1.40

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

1995 चा केबल टीव्हीचा कायदा आहे आणि त्याखाली 1994 च्या नियमांतली कार्यक्रम संहिता आहे (होय, नियम आधीचे, कायदा नंतरचा. आधी अध्यादेश होता). त्यात सभ्यतेला आणि अभिरुचीला सोडून असलेलं, बायकांना कमी लेखणारं, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारं दाखवू नये असं लिहिलंय. मुलांना न साजणारे कार्यक्रम मुलं जास्तीत जास्त संख्येने टीव्हीसमोर असतात त्या वेळेत लावू नयेत, हेही. तुमचा आठ वाजताचा मुद्दा त्यात बसतो.

2021 पासून तीन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार वाहिनीकडे. त्यांनी 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी ती म्हणजे बीसीसीसी, 2011 पासून आहे, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतात. सर्वांत वर केंद्राची समिती.

काही होतं का? कधीकधी होतं. 2017 मध्ये एका हिंदी मालिकेत नऊ वर्षांच्या मुलाचं अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावलं होतं. लोकांनी ओरड केली, प्रकरण बीसीसीसीकडे गेलं, त्यांनी मालिका रात्री उशिरा हलवायला सांगितली, ऑगस्टअखेर वाहिनीने ती गुंडाळलीच.

एकच सल्ला: "हल्ली फार घाणेरडं दाखवतात" असं लिहू नका. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ मिनिटासकट, आणि नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं. बाकी निबंध ते वाचत नाहीत.

---

पाटावरवंटा | 10 मे, दुपारी 2.05

दंडवत! थोबाडीत मारली त्याची वेळ वहीत आहे. आज रात्री पाठवते.

---

सेटवरचा_कोणीतरी | 10 मे, रात्री 11.58

नाव विचारू नका, अजून याच धंद्यात पोट आहे. काही वर्षं सहायक दिग्दर्शक होतो, मग संवाद लिहिले.

थोबाडीत एक आणि चेहरे अकरा का, ते सांगतो. अर्ध्या तासाचा भाग साधारण 22 मिनिटांचा, बाकी जाहिराती. आठवड्याला सहा भाग, कधी सात, वर महाएपिसोड. शूट झालेले भाग शिल्लक असले की त्याला बँक म्हणतात. मालिका सुरू होते तेव्हा पंधरा-वीस भागांची बँक असते, तीन महिन्यांत ती संपते. मग सकाळी शूट, रात्री एडिट, दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण. अशा वेळी पान कमी पडलं तर रिअ‍ॅक्शन शॉट हे फुकटचं फुटेज असतं. अकरा माणसं गुणिले चार सेकंद, त्यात मागेपुढे झूम, पाऊण मिनिट निघालं. ती थोबाडीत तीनदा दिसते त्याचंही कारण तेच.

विष कुठून येतं? गुरुवारहून. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की त्याच दुपारी वाहिनीच्या माणसांबरोबर मीटिंग, आणि तीन आठवडे आधी ठरवलेला ट्रॅक गेला केराच्या टोपलीत. कथा लिहिणारा एक, पटकथेचा दुसरा, संवादाचा तिसरा, तिघांनाही रात्रीतून "हाय पॉइंट" हवा. रात्री दोन वाजता तुम्हाला काय सुचेल? मला विष सुचायचं. एकदा सुनेची नोकरी आणि घरकाम यावर एक आठवडा चांगला लिहिला होता, खरोखर मनापासून. आकडा उतरला. पुढच्या सोमवारी सासूला अर्धांगवायू.

आणि "मी तुझी मदत करते" बद्दल: पुष्कळदा वरून येणारी कथा हिंदीत येते, वाहिनीकडून येणाऱ्या दुरुस्त्याही हिंदीत. दोन वाजता भाषांतर करताना मराठी वाकतं. समर्थन करत नाही, कसं होतं ते सांगितलं.

---

रिकामा_रांजण | 11 मे, सकाळी 7.30

सेटवरचे, प्रतिसाद आवडला. पण टीआरपी म्हणजे "लोकांना हेच आवडतं" हे मला पटत नाही. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर देशभर साठ हजारांच्याही आतच घरांत आहेत. टीव्ही असलेली घरं बार्कच्याच 2020 च्या अंदाजाप्रमाणे 21 कोटी. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, तेव्हा बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे सव्वा वर्षाहून जास्त बंद होते. या आकड्यांवर सासूला अर्धांगवायू?

---

सेटवरचा_कोणीतरी | 11 मे, सकाळी 10.11

नमुना लहान असतो हे कुठल्याही पाहणीत असतं, त्याचं मला एवढं काही नाही. घोळ वेगळा आहे. मीटर फक्त टीव्ही कशावर आहे आणि समोर कोण बसलंय ते सांगतो (घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण असतं). बसणारी आवडीने बसलीय, चिडून बसलीय, की भाजी निवडताना नुसता आवाज चालू आहे, ते त्याला कळत नाही. तुम्ही ज्या मालिकेला रोज शिव्या घालत बघता, तिला तुमचं मत पडलेलं असतं.

---

खडूस_काका | 11 मे, सकाळी 10.30

म्हणूनच म्हणतो, लाल बटण.

---

कोळसा_म्हणे_कोण | 11 मे, दुपारी 3.45

पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र होते आजवर.

"काळी" वरून लिहायचं होतं. मी सावळी आहे, म्हणजे घरातले सावळी म्हणतात, बाकीचे काळीच म्हणतात. मध्ये एक मालिका सावळ्या नायिकेची म्हणून गाजली. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, तुझ्यासारखी." मी बघितलं तर गोरी अभिनेत्री, तोंडाला गडद मेकअप फासलेला, आणि हाताच्या कोपराजवळ मेकअप संपलेला. माझ्यासारख्या मुलीची गोष्ट सांगायला माझ्यासारखी मुलगी चालली नाही. नायिकेला सासू जे बोलते ते मी ऐकलेलंच आहे, त्याचं नवल नाही. पण तिच्या बाजूने असलेलं पात्रसुद्धा "रंग काळा असला तरी मन किती सुंदर" म्हणतं. त्या "असला तरी"ने जास्त लागतं.

एवढंच. धन्यवाद.

---

फोडणीचा_भात | 11 मे, दुपारी 4.02

लिहीत राहा गं. आयडी मस्त आहे.

---

मावळतीकडे | 11 मे, रात्री 8.20

न्यू जर्सीहून. इथे अ‍ॅपवर त्याच मालिका, फक्त जाहिराती नाहीत. सासूबाई सहा महिने असतात तेव्हा रोज लावतात. आमच्या मुलीचं मराठी त्यावरच पोसलंय. परवा तिने वडिलांना "मी हे लग्न होऊ देणार नाही!" असं ठणकावलं. विषय अंघोळीचा होता.

---

गाजरपारखी | 12 मे, सकाळी 8.40

हसून सोडून देऊ नका. मी पुन्हा म्हणतो, सरकारने बंदी घालावी. अश्लील जाहिरातींसकट. 2022 च्या जूनमध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत बलात्काराचा सूचक विनोद होता, ती मंत्रालयाने दोन दिवसांत बंद केली की नाही? मनात आणलं की होतं.

---

कायदेकानू | 12 मे, दुपारी 12.15

ती जाहिरात बंद झाली ते योग्यच झालं. पण त्याच मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरमध्ये निरोधच्या जाहिराती फक्त रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये दाखवा असा सल्ला काढला होता. म्हणजे गर्भनिरोधन असभ्य. आणि सकाळी सात वाजता "हे यंत्र घरात ठेवा, कर्ज फिटेल, मुलगा होईल" सांगणारे अर्ध्या तासाचे विक्री-कार्यक्रम मात्र सभ्य! त्यांच्याविरुद्ध कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून 2021 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ठरवलं की दैवी शक्तीचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरतात. त्या कायद्यासाठी दाभोलकरांनी किती वर्षं काढली आणि त्यांच्या खुनानंतर अध्यादेश निघाला, हे इथे वेगळं सांगायला नको.

बंदीचं हत्यार दिलं की ते कुणाच्या अभिरुचीप्रमाणे चालेल हे आपल्या हातात राहत नाही. मला नेमकी तक्रार आणि नेमका कायदा हेच पटतं. सावकाश चालतं, पण चालतं.

(तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं जाहिराती हाही नियमच आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने, 2013 मध्ये अंमल करायला घेतला, वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आज रात्री घड्याळ लावून बसा म्हणजे पुढचं कळेल.)

---

गाजरपारखी | 12 मे, दुपारी 12.31

म्हणजे तुम्ही यंत्रवाल्यांच्या बाजूचे की निरोधवाल्यांच्या?

---

व्यवस्थापक | 12 मे, दुपारी 1.00

खालचे चार प्रतिसाद काढून टाकले आहेत. वैयक्तिक टीका नको. विषय टीव्हीचा आहे.

---

रिकामा_रांजण | 14 मे, रात्री 9.50

मी एक प्रयोग केला. केबलवाल्याला फोन करून ती एक वाहिनी काढायला सांगितली. 2019 पासून आपल्याला हवी ती वाहिनी सुटी घेता येते ना. तो म्हणाला, "साहेब, पॅकमधून एक काढता येत नाही. पॅक मोडून सगळ्या सुट्या घेतल्या तर बिल वाढेल." हिशेब केला, खरंच वाढत होतं. पाहायचं नाही त्याचे पैसे भरणं स्वस्त पडतं. काका, तुमच्या लाल बटणाने त्यांचे वर्गणीचे पैसे बुडत नाहीत.

---

पाटावरवंटा | 28 मे, रात्री 10.20

धागा वर काढतेय. वाहिनीचं उत्तर आलं. पोच दुसऱ्या दिवशी मिळाली होती, निर्णय बरोबर पंधराव्या दिवशी. चार ओळी. "आमची मालिका काल्पनिक असून कोणत्याही प्रकारच्या हिंसेचे समर्थन करत नाही. दुष्ट प्रवृत्तीचा शेवटी पराभव होतो. आपण आमच्या मालिका आवडीने पाहता याबद्दल आभार."

शेवटी म्हणजे कधी? चारशे भाग झालेत.

अपील करणार आहे, पण त्याआधी घरात जे झालं ते लिहायचंय. मी हे उत्तर आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "तू थोबाडीतीची तक्रार केलीस होय? मला वाटलं त्या शब्दाची केलीस."

कुठला शब्द?

त्या मालिकेत मोठ्या जावेला मूल नाही. तिला धाकटी येताजाता "वांझ" म्हणते. माझ्या वहीत तो शब्द एकदाही नाही. मी थोबाडीत मोजल्या, चेहरे मोजले, विनोद मोजले, आणि तो माझ्या कानावरून गेला. आईच्या नाही गेला. आमच्या मोठ्या मावशीला मूल नव्हतं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाहीत, आणि बोलावलं तर ओटी भरताना पुढची बाई आधी. मावशी जाऊन बारा वर्षं झाली. आई सांगत होती, "ताई आमच्याकडे आली की मी सात वाजता टीव्ही लावत नसे. कुठे तो शब्द येईल सांगता यायचं नाही."

मी म्हटलं, मग आता कशाला बघतेस? तर म्हणाली, "बाकीची गोष्ट चांगली आहे. त्या मोठीचं काम फार चांगलं करते ती मुलगी."

याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

---

कोळसा_म्हणे_कोण | 28 मे, रात्री 10.41

"बाकीची गोष्ट चांगली आहे." माझी आईही हेच म्हणते.

---

कायदेकानू | 28 मे, रात्री 11.15

थोबाडीतीचं अपील 15 दिवसांत टाका. शब्दाची तक्रार वेगळी, नव्याने, पहिल्या पायरीपासून. बायकांना कमी लेखण्याचं कलम तिथे जास्त नेमकं लागू होतं. तारखा आणि वेळा लागतील.

---

सेटवरचा_कोणीतरी | 28 मे, रात्री 11.40

मी लिहिलाय तो शब्द. एका मालिकेत, किती वेळा ते मोजलं नाही. खलनायिकेच्या तोंडी पटकन बसतो, वेगळं काही सुचवायला लागत नाही. माझ्या वेळी कुणी तक्रार केली असती तर एक ईमेल ग्रुपवर फिरला असता, "हा शब्द टाळा", आणि आम्ही टाळला असता. एवढ्यावर थांबतं बऱ्याचदा. कराच.

---

पाटावरवंटा | 4 जून, रात्री 9.35

तारखांसाठी पुन्हा आठवडाभर बसावं लागणार म्हणून वही काढली, तर आईने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून दाखवलं. दुधाच्या चौकोनांत, लिटरच्या आकड्याशेजारी, बारीक अक्षरात वेळा. 29 तारखेपासून तिने लिहून ठेवल्यात. मला सांगितलं नव्हतं. चार दिवस, पाच वेळा. शेवटची काल, आठ वाजून चौदा मिनिटं.

आत्ता तक्रार पाठवली. पुरावा म्हणून त्या पानाचा फोटो जोडलाय, दुधाच्या हिशेबासकट.

---

खडूस_काका | 4 जून, रात्री 9.58

अभिनंदन. आईंना नमस्कार सांगा.

बाकी ती खीर शेवटी कोणी खाल्ली? मंगळवारचा भाग माझा वीज गेल्यामुळे राहिला.

---

पाटावरवंटा | 4 जून, रात्री 10.01

काका!!!

मांजराने. मेलं की नाही ते कळायच्या आत मालिकेने पाच वर्षांचा लीप घेतला.